बॅराबूच्या रानांतील धनुर्धारी

मृगया हा शब्द आमच्या घरांतून आतां केवळ पुराणाच्या पोथींत आणि संस्कृत नाटकांच्या पाठ्यपुस्तकांत उरला आहे. दुष्यंत हरिणामागें रथ पिटाळीत आश्रमाच्या सीमेवर येतो, श्रीराम सुवर्णमृगाच्या पाठीं लागतो, पंडूच्या हातून मृगरूप घेतलेला ऋषि मारला जातो, हें सर्व आपण लहानपणापासून ऐकत आलों. परंतु पहांटेच्या थंडींत धनुष्य घेऊन खरोखरीच हरिणाची वाट पाहत बसलेला मनुष्य आपल्यापैकीं फारच थोड्यांनीं पाहिला असेल. शिवाय आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ही गोष्ट बंदच झाली. आणि ज्या घरांत मांस शिजत नाहीं त्या घरांत तिची उणीवहि कोणास भासली नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखाचा विषय पाहून आमच्या कित्येक वाचकांच्या, विशेषतः वाचकभगिनींच्या, कपाळाला आठी पडेल हें आम्ही जाणून आहों. ती आमच्याहि कपाळाला पडली होती. ती अगदीं पुसली गेली असें आम्ही म्हणत नाहीं; पण चार दिवस त्या लोकांत काढल्यावर तिच्या जागीं थोडा विचार आला, तो कसा, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

अमेरिकेच्या उत्तर भागांतील विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन. तेथें आमचे मावसभाऊ पुष्कळ वर्षें स्थायिक झाले आहेत. नोव्हेंबरच्या आरंभीं आम्ही त्यांच्याकडे उतरलों, तेव्हां वहिनींनीं पहिल्याच दिवशीं परसांतील भाजीची बाग दाखविली. उन्हाळ्यांत लावलेल्या घेवड्याचे नुसते दांडे शिल्लक होते. “भाऊजी, हें सगळें हरिणांचें काम!” त्या म्हणाल्या. “रोज दिवेलागणीला पाहुण्यासारखीं येतात. राग तर येतो. पण ते डोळे पाहिले म्हणजे हांकलून देववत नाहीं.” भावाचे एक स्नेही, निवृत्त शाळामास्तर, बॅराबूजवळ राहतात व दरसाल धनुष्यानें शिकार करितात असें त्याच वेळीं समजलें, आणि त्यांच्या आग्रहावरून आम्ही तिकडे जाण्यास निघालों.

बॅराबू हें मॅडिसनच्या वायव्येस सुमारें चाळीस मैलांवर आहे. भोंवतालच्या टेकड्यांचा खडक गुलाबी-जांभळट असून त्याचें वय दीड अब्ज वर्षांहून अधिक आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांचा आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण त्याच्यापुढें अगदीं कालचें पोर म्हणावयाचा. टेकड्यांवर ओक आणि मेपल यांचें दाट रान, सखल भागांत मक्याचीं शेतें, आणि उत्तरेस विस्कॉन्सिन नदीचें रुंद पात्र. दक्षिणेकडील प्रवासाला निघण्यापूर्वीं क्रौंच पक्ष्यांचे थवे त्या नदीच्या वाळवंटांत रात्रीं मुक्कामास उतरतात, आणि संध्याकाळीं त्यांचा कोलाहल मैल-दीड मैलावर ऐकूं येतो. पानगळ बहुतेक संपली होती व रानांत पाऊल टाकावें तिकडे पाचोळा वाजत होता.

या भूमीस धनुष्य नवें नाहीं; हो-चंक नांवाच्या मूळच्या लोकांचे पूर्वज येथें बाणानेंच हरिण मारीत. पुढें बंदूक आली व धनुष्य मागें पडलें. परंतु १९३४ सालीं या राज्यानें केवळ धनुर्धाऱ्यांकरितां हरिणांचा निराळा हंगाम ठेवला, आणि तोहि प्रथम सॉक व कोलंबिया या दोनच जिल्ह्यांत. बॅराबू हें त्या सॉक जिल्ह्याचें मुख्य ठिकाण होय. हल्लीं हा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत चालतो. उलट बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या उत्तरार्धांत अवघे नऊ दिवसांचा असतो. धनुर्धाऱ्यास इतके महिने कां द्यावे लागतात, हें मास्तरांनीं आम्हांस धनुष्य हातीं देऊनच समजाविलें. या धनुष्याच्या दोन्ही टोंकांस चाकें असतात. या युक्तीचें पेटंट हॉलिस विल्बर ॲलन या अमेरिकन गृहस्थास १९६९ सालीं मिळालें. दोरी ओढतांना आरंभीं खांदे भरून येतात, पण पूर्ण ओढली म्हणजे भार एकदम उतरतो आणि नेम धरून कांहीं वेळ थांबतां येतें. तथापि बाण तो बाणच. त्याच्या टोंकास वस्तऱ्यासारखीं पातीं असतात, आणि तो छातींत हृदय-फुप्फुसांच्या जागीं लागला तरच जनावर रक्तस्रावानें लौकर मरतें. म्हणून जाणता मनुष्य चाळीस ते साठ हातांपलीकडे सहसा बाण सोडीत नाहीं. ज्या प्राण्याचें सारें आयुष्य नाकावर आणि कानांवर चालतें, त्याच्या इतकें निकट जावयाचें! झाडावर पंधरावीस फुटांवर मचाण बांधावयाचें, पडूं नये म्हणून स्वतःस पट्ट्यानें खोडाशीं जखडून घ्यावयाचें, वारा आपल्याकडून हरिणाकडे वाहत असेल तर मुकाट्यानें घरीं परतावयाचें, आणि तासच्या तास खोकलाहि दाबून बसावयाचें. आमच्याकडील एखाद्या जपास बसणाऱ्या आजोबांस ही बैठक सहज साधेल, असें आमच्या मनांत आलें. मास्तरांस मात्र तें बोलून दाखविलें नाहीं.

आम्ही गेलों तें वर्ष शिकाऱ्यांच्या दृष्टीनें मंदीचें होतें. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हा एऱ्हवीं या हरिणांच्या माजाचा ऐन भर. दिवस लहान होत गेले म्हणजे तो काळ जवळजवळ ठरल्या वेळीं येतो, आणि रात्रींखेरीज न दिसणारे नर भर दुपारीं माद्यांच्या मागावर फिरूं लागतात. परंतु त्या वर्षीं थंडी पडेना. अंगावर हिवाळी लोंकर चढलेलें जनावर उबेच्या दिवसांत हालचाल करीत नाहीं. जें काय फिरावयाचें तें अंधारांत फिरतें. त्यांत ओकचीं फळें अमाप गळलेलीं. रानांतच पोट भरत असल्यावर शेताच्या कडेला येण्याचें हरिणांस कारण काय? आणि कित्येक शेतांतील मका अजून उभाच होता. त्यांत शिरलेलें हरिण म्हणजे उसांत शिरलेलें रानडुक्कर, दिसावयाचें नाहीं. रात्रीं मास्तरांच्या स्वयंपाकघरांत दोघेतिघे जमत, कॉफीचे पेले भरले जात, आणि जो तो आपली रिकाम्या हातांची हकीगत सांगे. मास्तर तेवीस दिवस बसले होते व त्यांनीं एकहि बाण सोडला नव्हता. त्यांची पुतणी इस्पितळांत परिचारिका आहे; रात्रपाळी संपवून ती तशीच मचाणावर जाई. तिला मात्र एक मादी मिळाली होती. त्या मादीच्या मानेंतील गांठी तपासणीस पाठविल्या होत्या आणि निकाल येईपर्यंत मांसास कोणी हात लावला नव्हता. कारण २००२ सालीं या राज्यांत हरिणांचा एक असाध्य रोग आढळला. त्यांत मेंदू सच्छिद्र होऊन जनावर झिजत झिजत मरतें. माणसास तो जडल्याचें अद्याप दिसलेलें नाहीं. तरी रोगी ठरलेलें मांस खाऊं नये, असा वैद्यकांचा सल्ला आहे.

तिसरा होता शेजारचा एक तरुण शेतकरी. तिसऱ्या दिवशीं काळोख पडल्यावर तो दारांत येऊन उभा राहिला, तेव्हां त्याच्या चेहऱ्यावरूनच कांहीं बिनसलें हें कळलें. त्यानें एका नरावर बाण सोडला होता. ऐन वेळीं हरिणानें पाऊल पुढें टाकलें. त्यानें आणलेला बाण मास्तरांनीं दिव्याखालीं धरला. फुप्फुसाला बाण लागला तर रक्त लालभडक व फेंसाळ असतें; हें काळपट होतें आणि त्याला हिरवट घाण लागली होती. बाण पोटांत गेला होता. अशा वेळीं हरिण जवळच कोठें तरी बसतें आणि त्याला आठदहा तास न छेडलें तर तेथेंच प्राण सोडतें. पण मागोमाग गेलें तर तें उठून मैलोगणती जातें. मास्तर म्हणाले, सकाळपर्यंत थांबावें. तरुण म्हणाला, मध्यरात्रीं पाऊस येणार. मग मागच उरणार नाहीं. दोघांचेंहि खरें होतें. अखेर चार तास थांबून सर्वजण कंदील घेऊन निघालों. एका पानावर एक थेंब, दहा हातांवर दुसरा; प्रत्येक थेंबाजवळ एकानें उभें राहावयाचें आणि दुसऱ्यानें पुढचा शोधावयाचा. ओढ्याकांठच्या गवतांत दबलेली, अजून ऊब असलेली बसण्याची जागा सांपडली. हरिण आमची चाहूल लागून नुकतेंच उठून गेलें होतें. मग पाऊस आला.

दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत ओढ्याच्या दोन्ही कांठांनीं शोध केला. कांहीं हातीं लागलें नाहीं. त्या तरुणानें खिशांतून परवान्याची चिठ्ठी काढली व चुलींत टाकली. कायद्याप्रमाणें त्याला दुसरें हरिण मारण्याची अजून मोकळीक होती. परंतु त्याच्या हिशेबीं त्याचें हरिण त्यानें मारलेलें होतें. मास्तर त्याला एक शब्द बोलले नाहींत. त्यांनीं त्याच्यापुढें नुसता कॉफीचा पेला सरकविला.

त्या संध्याकाळीं आमच्या मनांतील प्रश्न आम्हीं विचारलाच: इतकें मन दुखतें तर हें कराच कशाला? उत्तरादाखल मास्तर आम्हांस नदीकांठच्या एका लाकडी झोपडीकडे घेऊन गेले. मुळांत ती कोंबड्यांची खुराडी. उजाड झालेल्या शेतासह ती आल्डो लिओपोल्ड या मॅडिसन येथील प्राध्यापकांनीं १९३५ सालीं घेतली आणि मुलाबाळांसह दरसाल झाडें लावून तें रान पुन्हां उभें केलें. ते आपलीं धनुष्यें स्वतःच्या हातांनीं घडवीत. त्यांच्या पत्नी तर तिरंदाजींत राज्याच्या विजेत्या होत्या. तरुणपणीं, १९०९ सालीं, ॲरिझोनाच्या डोंगरांत लिओपोल्ड यांनीं लांडगे मारले, कारण लांडगे कमी तितकीं हरिणें अधिक, अशी त्या काळची समजूत होती. पुढें त्याच प्रांतांतील कैबाब पठारावर हिंस्र श्वापदें निवटल्यावर हरिणें अतोनात वाढलीं, त्यांनीं झाडोरा ओरबाडून खाल्ला, आणि १९२४ नंतरच्या हिवाळ्यांत तीं हजारोंनीं उपाशी मेलीं. मरत्या लांडगीच्या डोळ्यांतील विझणारें तेज आपण पाहिलें, ही कबुली लिओपोल्ड यांनीं १९४४ सालीं लिहून ठेविली. १९४८ सालीं शेजाऱ्याच्या शेतांतील वणवा विझवितांना त्यांचा अंत झाला व त्यांचें पुस्तक १९४९ सालीं निघालें. विस्कॉन्सिनमधूनहि १९६० च्या सुमारास लांडगे नाहींसे झाले होते. पुढें शेजारच्या राज्यांतून आलेले लांडगे आज उत्तरेकडील रानांत आहेत, पण या शेतामळ्यांच्या मुलुखांत जवळजवळ नाहींतच. “लांडग्याचें काम आम्हीं काढून घेतलें,” मास्तर म्हणाले, “आतां तें करावें लागतें, आणि त्याच्याइतकें चांगलें करतां येत नाहीं.”

परत येतांना आम्हीं त्यांस दशरथाची कथा सांगितली: काळोखांत घागर भरण्याचा आवाज झाला, राजानें तो हत्ती समजून शब्दवेधी बाण सोडला, आणि श्रावणबाळ पडला. डोळ्यांस दिसल्यावांचून बाण सोडूं नये हा धडा त्यांस पटणार, अशी आमची कल्पना. मास्तर बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीं विचारलें, “त्या आंधळ्या आईबापांना पाणी कोणीं नेऊन दिलें?” आम्हीं सांगितलें, राजानेंच. “झालें तर,” ते म्हणाले आणि चालूं लागले. इतकीं वर्षें आम्ही ही कथा ऐकत आलों. पण राजा घागर घेऊन त्या आंधळ्यांपाशीं स्वतः गेला, शाप मिळणार हें कळत असतां गेला, याकडे आमचें लक्ष कधीं गेलें नव्हतें.

शेवटच्या पहांटे आम्ही मास्तरांबरोबर जमिनीवरील कापडी लपणांत बसलों. रात्रींत वारा फिरून थंडी पडली होती. गवतावर दहिंवर गोठलें होतें. उजाडतां उजाडतां पाचोळा वाजला आणि एक मोठा नर ओकच्या झाडांतून पुढें आला. नाकपुड्यांतून वाफ निघत होती. पन्नास हात, चाळीस, तीस. मास्तरांनीं दोरी ओढली. हरिण थांबलें, तें आमच्याकडे तोंड करून. समोरून छातीवर बाण लागण्याची जागा लहान. तें अंगावरून वळेल म्हणून मास्तर थांबले. त्यांचा हात थरथरूं लागला. आमच्या मनांत काय होतें? सोडूं नये असें होतें. आणि खोटें कशास सांगावें, सोडावा असेंहि क्षणभर होतें. मास्तरांनीं दोरी सावकाश पुढें आणली व धनुष्य गुडघ्यावर ठेविलें. त्या हालचालीसरशीं हरिणानें शेपटाचा पांढरा झेंडा उभारला आणि दोन उड्यांत तें नाहींसें झालें. “चोविसावा दिवस,” मास्तर म्हणाले, आणि थर्मासचें झांकण काढूं लागले.

शिकारीची विद्या कशांत आहे असें आम्हांस कोणी विचारलें तर पुतणीला मिळालेली मादी आम्ही दाखविणार नाहीं. चुलींत टाकलेली ती चिठ्ठी आणि गुडघ्यावर ठेविलेलें तें धनुष्य, या दोन गोष्टी सांगूं. हत्या आम्हांस आजहि रुचत नाहीं. परंतु ज्या मनुष्याला आपल्या बाणाची जबाबदारी इतकी ठाऊक आहे, त्याला क्रूर म्हणण्याचा अधिकार, ताटांतील अन्न कोणाच्या तोंडचें काढून येतें याचा कधीं विचार न करणाऱ्या आम्हांस आहे काय, हें मात्र सांगवत नाहीं.

मॅडिसनला परतलों तेव्हां वहिनींनीं दारांतच विचारलें, “मिळालें का मग त्यांना हरिण?” नाहीं म्हणतांच त्यांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. आणि पानें वाढतां वाढतां भावाला बजाविलें, “येत्या वसंतांत कुंपण चांगलें दोन हात उंच करून घ्या. यंदा मी घेवडा पुन्हां लावणार आहें.”