बियांचा पावसाळा

आषाढात मुंबईची हवा इतकी ओली होते की मिठाला पाणी सुटतं आणि पापड डब्यातल्या डब्यात सादळतात. अशा दिवसांत माटुंग्याच्या बाजारात भाजत्या कॉफीचा घमघमाट आला की माझे पाय आपोआप दुकानाकडे वळतात. बियांची पुडी घरी येते आणि मग जीव लागून राहतो तो तिच्या वासाला.

याच पावसाने कॉफीचं एकदा सोनं केलं होतं. मलबार किनाऱ्यावरून कच्च्या बिया शिडाच्या जहाजांतून, आफ्रिकेला वळसा घालत युरोपला जायच्या. महिनोन्‌महिने समुद्राची दमट हवा पिऊन त्या फुगायच्या, हिरव्याच्या पिवळट व्हायच्या, त्यांचा आंबटपणा निवायचा. 1869 साली सुएझ कालवा खुला झाला, प्रवास आखडला आणि ती चव दुरावली. मग किनाऱ्यावरच्या गोदामांतच बिया पावसाळी वाऱ्यावर पसरायची रीत पडली. मंगळूरला आजही जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्या अशा वाऱ्यावर ठेवतात, पुन्हापुन्हा खालीवर करतात. ‘मॉन्सून्ड मलबार’ ती हीच.

कच्ची बी पाऊस पचवते, भाजलेलीला तो सोसत नाही. दोनशे अंशांच्या आसपास आच लागली की बीतलं पाणी उडतं, ती तडतडते, फुलते, आतून सच्छिद्र होते. तिच्या पोटात साठलेला कार्बन डायऑक्साइड पुढे कित्येक दिवस हळूहळू बाहेर पडत राहतो. पिशवीवरची बारीकशी एकेरी झडप त्याच्यासाठीच असते. ताज्या कॉफीवर गरम पाणी ओतताच जो फेस फुगून वर येतो, तोही त्याचाच. वायूबरोबर सुगंधही निघून जातो आणि मागे राहिलेलं तेल हवा लागून खवट होतं.

म्हणून डबा घट्ट झाकणाचा हवा, उजेड आत न सोडणारा. काचेची बरणी ओट्यावर शोभते, पण उजेड आणि शेगडीची धग बियांना मानवत नाही. फडताळातला अंधार बरा. फ्रिज नको, गार बिया बाहेर काढल्या की त्यांच्यावर दव धरतं, शिवाय शेजारच्या लसणाचा वास त्या चटकन ओढून घेतात. फार दिवस ठेवायच्याच असतील तर छोट्या हवाबंद पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात आणि काढलेल्या पुडीचा गारठा पुरता गेल्याशिवाय ती उघडू नये. दळावं मात्र लागेल तेव्हाच. बीने आत जपलेलं सारं दळताक्षणी उघड्यावर येतं.

एवढं करूनही सुगंध जातोच. जाणं हा त्याचा स्वभाव आहे, आणि मला तो म्हणूनच मोलाचा वाटतो. तेव्हा स्वस्त मिळते म्हणून किलोभर कॉफी आणू नका. दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढीच घ्या, रोज ताजी दळा, आणि दारी कुणी आलं तर हात आखडू नका.