अर्ध्या मिलिमीटरचा प्ले

वाळूजच्या एमआयडीसीत जोडातल्या सैलपणाला ‘प्ले’ म्हणतात. स्पिंडलला प्ले आला की जॉब बिघडतो, हे मशीनवर २० वर्षं काढून मला पाठ झालं होतं. तरीही माझं सगळ्यात लाडकं, रिमोटवर उडणारं बाल्साचं मॉडेल विमान मी अर्ध्या मिलिमीटरच्या प्लेपायी गमावलं.

गंगापूरकडच्या माळावर, चिकलठाण्याच्या विमानतळापासून पुष्कळ लांब, मी ते पूर्ण थ्रॉटलवर सूर मारत खाली आणत होतो. अचानक डब्यात भुंगा कोंडावा तशी घरघर ऐकू आली. थ्रॉटल ओढून नाक अलगद वर घ्यायचं असतं, पण तेवढाही वेळ मिळाला नाही. उजवं एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, उपटलं, पाठोपाठ पंख मोडला.

हाच फ्लटर. एलेरॉन जरासं हलतं, त्याने पंखाला पीळ बसतो, तो पीळ एलेरॉनला पुन्हा हलवतो. आणि एका वेगापुढे वारा प्रत्येक झोक्यात आपलं बळ ओततो. वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट.

तुकडे वेचून घरी आणले आणि टेबलावर मांडले. सर्व्होच्या मोटरपासून एलेरॉनपर्यंत जाणारी पुशरॉडची तार बारीक, लांब, मधे आधार नाही. एलेरॉनवरच्या हॉर्नचं, म्हणजे तार अडकवायच्या दांडीचं, भोक झिजून लांबट झालेलं. त्याहून मोठी चूक माझ्या हौसेची: एलेरॉन जास्त हलावं म्हणून सर्व्होच्या आर्मवर बाहेरचं भोक घेतलं होतं आणि हॉर्नवर आतलं. हवं होतं नेमकं उलटं. मग सर्व्होच्या गिअरमधला तोच प्ले एलेरॉनपर्यंत कितीतरी कमी पोहोचतो.

आपलं ऊनही यात हातभार लावतं. मे महिन्यात बंद गाडीत राहिलेल्या पंखाचं कव्हरिंग ढिलं पडतं आणि पंख पिळाला लवकर वश होतो. उडवण्याआधी त्यावर इस्त्री फिरवायलाच हवी.

१९१६ साली ब्रिटनच्या हँडली पेज बॉम्बरची शेपटी अशीच थरथरली होती. अभियंते लँचेस्टर यांनी कारण शोधलं: डावं आणि उजवं एलिव्हेटर वेगवेगळ्या तारांवर, एकमेकांपासून मोकळं. दोन्ही एका भक्कम नळीने जोडा, असं त्यांनी सुचवलं. आपल्या मॉडेलमध्ये दोन एलिव्हेटरना जोडणारी वाकवलेली तार असते ना, ती म्हणूनच जाड घ्यावी.

पुढच्या वेळी माळावर जाल तेव्हा आधी प्रोपेलर काढा, रिमोट आणि रिसिव्हर चालू करा आणि एलेरॉनची मागची कड दोन बोटांत धरून हलवून पाहा. खडखड जाणवली तर त्या दिवशी विमान उडवू नका.