हट्टाची वही

‘पोराला एकदा कुठेतरी दाखवून आणा’ हे वाक्य आमच्या घरात वर्षभर फिरत होतं. दाखवून आणायचं म्हणजे कसं, तर सकाळी स्कूटर गॅरेजला लावायची आणि संध्याकाळी दुरुस्त झालेली घेऊन यायची! पोर म्हणजे माझा पुतण्या. वय साडेतीन वर्षं, मुक्काम आर्वी, जिल्हा वर्धा. (पुण्यातल्या मंडळींसाठी: रेल्वेने पुलगावला उतरायचं आणि पुढे एसटीने साधारण ३५ किलोमीटर.)

आता या वयात हट्ट सगळीच मुलं करतात. पण हा जमिनीवर डोकं आपटायचा, चावायचा. बालवाडीतून दोनदा निरोप आला. दादाचा हात उठायला लागला. आईचं निदान ‘दृष्ट लागली’, शेजारच्या काकूंचं निदान ‘माय नोकरी करते, मंग काय होईन!’ वहिनी शाळेत शिक्षिका आहे. वर्गातली तीस सांभाळते आणि घरातलं एक सांभाळता येत नाही, हे तिला दिवसातून एकदा तरी कोणीतरी ऐकवायचंच. खरं सांगतो, मला पोरापेक्षा तिची काळजी वाटायला लागली होती. फोनवर बोलता बोलता ती मध्येच गप्प व्हायची.

शेवटी दिवाळीनंतर सगळे वर्ध्याला एका समुपदेशक बाईंकडे गेले. बाईंनी आधी ऐकू येतं का, बोलणं वयाप्रमाणे आहे का, हे तपासून घेतलं. ते सगळं ठीक निघालं. मग पोराला खेळणी दिली आणि प्रश्न मात्र सगळे आईबापांना! अर्ध्या तासाने दादा वैतागला, “अजी म्याडम, पेशंट हा हाये का मी?” बाई म्हणाल्या, “दोघंही.” येताना औषधाची चिठ्ठी नाही, काही नाही, फक्त एक वही. तिच्यात तीन रकाने. आधी काय झालं, त्याने काय केलं, मग तुम्ही काय केलं.

आता आम्ही प्रोग्रामर लोक. लॉग दिसला की हात शिवशिवतात. वहिनीने पंधरा दिवसांच्या पानांचे फोटो पाठवले आणि मी शनिवारी सकाळी चहा घेऊन वाचत बसलो. बहुतेक नोंदी संध्याकाळी ६ ते ८ मधल्या. वहिनी स्वयंपाकात, दादा दुकानात, आणि पोराला हवा मोबाइल. पण खरी गंमत तिसऱ्या रकान्यात होती. ‘दिला.’ ‘आजीने दिला.’ ‘मारलं, मग दिला.’ पंधरा दिवसांत एकही ‘नाही’ शेवटपर्यंत टिकलेला नव्हता. म्हणजे पोराच्या हिशोबाने ‘नाही’चा अर्थ एकच, अजून जोरात रड.

हे काही आमच्याच घरचं नाही बरं का. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जेरल्ड पॅटरसन यांनी घराघरांत निरीक्षक पाठवून हेच नोंदवलं आणि १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की या खेळात बक्षीस दोघांनाही मिळतं. मुलाला हवी ती वस्तू मिळते, आईबापांना शांतता मिळते. त्यामुळे पुढच्या वेळी मूल जास्त रडतं आणि मोठे जास्त लवकर देऊन टाकतात. १९७०च्या दशकात शीला आयबर्ग यांनी यावर एक उपचारपद्धती बसवली. आई मुलाशी खेळते, तज्ज्ञ काचेपलीकडून बघतात आणि आईच्या कानातल्या यंत्रातून तिला सुचवत राहतात. वर्ध्याच्या बाईंकडे ना काच ना यंत्र, त्या कोपऱ्यात स्टुलावर बसून हळूच सांगायच्या. त्यात घरी रोज पाच मिनिटं खेळायचं. हुकूम नाही, प्रश्न नाही, टीका नाही, फक्त त्याच्यासोबत राहायचं आणि तो जे चांगलं करतो ते बोलून दाखवायचं. सोपं वाटतं ना? करून बघा. वहिनी पडली मास्तरीण, दर दहा सेकंदांनी ‘हा कोणता रंग?’ तोंडून निघायचंच.

दुसरा भाग कठीण होता. मोबाइलसाठी रडला तर जवळ असायचं, पण द्यायचा नाही, बोलायचंही नाही. (चावणं यात नाही. ते लगेच थांबवायचं, न ओरडता, न मारता.) बाईंनी बजावून ठेवलं होतं की आधी वाढेल, मग कमी होईल.

यावर कार्ल विल्यम्स यांचा १९५९ सालचा छोटासा पेपर आहे. आजारातून उठलेला २१ महिन्यांचा मुलगा, झोपवून कोणी खोलीबाहेर गेलं की आकांत. लक्ष द्यायचं नाही असं ठरल्यावर पहिल्या रात्री ४५ मिनिटं रडला, दहाव्या वेळेपर्यंत पूर्ण शांत. आठवडाभराने आँटी त्याला झोपवायला गेली, रडला म्हणून परत येऊन बसली, आणि सगळं पहिल्यापासून! (आत्या की मावशी की काकू, ते इंग्रजीत कळायला मार्ग नाही.) पुन्हा तीच पद्धत वापरावी लागली, मग मात्र दोन वर्षं त्रास नाही.

तिथे एक आँटी होती, आमच्याकडे आई. तिसऱ्या दिवशी ५० मिनिटं झाली आणि आई देवघरातून उठून आली. “लेकरू रडून रडून लाल झालं, अन् तुम्ही सारे पाहून रायले!” मोबाइल दिला. दुसऱ्या दिवशी तासाच्या वर. वहिनी-आईची जुंपली, दोन दिवस अबोला, दादा म्हणाला बंद करा हे नाटक.

बाई हुशार. पुढच्या खेपेला त्यांनी आईलाच बोलावलं. आई तयारीनेच गेली होती, “म्हणजे मीच बिघडवलं का त्याले?” बाई म्हणाल्या, “नाही आजी, तुमच्याशिवाय होणारच नाही. तो रडायचा थांबला की पहिली हाक तुमची.” तेव्हापासून आई हट्टाच्या वेळी अंगणात जाऊन बसते, कान आत. रडणं थांबलं रे थांबलं की “शाब्बास माझ्या राजा” करत आत येते. पाचव्या आठवड्यात वहीतली नोंद होती ‘६ मिनिटं’.

एक मात्र आहे. वर्ध्याला जाऊन-येऊन दर वेळी अख्खा दिवस आणि वहिनीची एक रजा जाते. जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन मेडिकल कॉलेजं आहेत, म्हणजे आम्ही नशीबवान. २०१३ पासून सरकारी योजनेत अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते, २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा फोनही आहे. पण हट्ट, चावणं यासाठी मदत मागायची असते हेच कोणाला सुचत नाही. सुचतं ते चापट किंवा मीठ-मोहऱ्या.

असो. मागच्या आठवड्यात वहिनीने नवं पान पाठवलं. आर्वीच्या बसस्टँडवर चिप्ससाठी साहेबांनी लोळण घेतली. वहिनी शांत उभी. पण स्टँडवरच्या लोकांना राहवेना. एका बाईंनी बिस्किट काढलं, एक आजोबा खिशात गोळी शोधायला लागले, कंडक्टर म्हणाला, “द्या ना मॅडम, पाच रुपयाची तर गोष्ट हाये!” वहिनी प्रत्येकाला हात जोडून ‘नको’ म्हणत राहिली. तिसऱ्या रकान्यात लिहिलंय, ‘काही दिलं नाही. ११ मिनिटं. वर्ध्याची गाडी गेली.’