रतनवाडीच्या वाटेवरचा पहारा

टेनेसी राज्यात ग्रेट स्मोकी माउंटन्स हे राष्ट्रीय उद्यान आहे. त्यात एल्कमाँट नावाची एक दरी आहे. मे संपता संपता तिथले काजवे एका तालात उजळू लागतात आणि जूनच्या मध्यापर्यंत हा सोहळा चालतो. तो पाहायचा तर आधी सोडतीत नाव निघावे लागते. रात्रीला साधारण १२० गाड्यांना परवाना मिळतो. टॉर्चवर लाल कागद गुंडाळायचा, दिवा जमिनीकडे धरायचा, पायवाट सोडायची नाही. आमचे नाव निघाले तेव्हा मी फ्रेस्नोहून अर्धी अमेरिका ओलांडून गेले होते. हॅट घातलेली रेंजर अंधारात हलक्या आवाजात माहिती सांगत होती, आणि लोक देवळात बसावे तसे घडीच्या खुर्च्यांवर बसले होते.

माझा जन्म अमरावतीचा, आयुष्य कॅलिफोर्नियात गेलेले. सह्याद्री मी पुस्तकात वाचला होता. त्याच आठवड्यांत, तसाच तालबद्ध प्रकाश भंडारदऱ्याला झाडाझाडावर उतरतो, हे मला या वयात कळले. कळल्यावर घरी बसवेना.

भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालणारा एक रस्ता आहे. शेंडीहून निघायचे, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत करत परत शेंडीला यायचे. हे सगळे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येते. १९८६ साली ते जाहीर झाले, क्षेत्र ३६१.७१ चौरस किलोमीटर. मुतखेलच्या नाक्यावर गाडी थांबली. मला सवयीने गणवेश दिसेल असे वाटले होते. समोर आला तो वीस-बावीस वर्षांचा गावातला मुलगा, हातात पावतीपुस्तक.

"ताई, पुढं झाडाला काजवं दिसलं की हेडलाइट बंद. मोबाइलची बॅटरीपण नको. नर चमकतो तो मादीला दिसायला. तुमच्या उजेडात तिला तो दिसतच नाय."

एल्कमाँटच्या रेंजरने हेच पाऊण तास घेऊन समजावले होते.

कोलटेंभ्याच्या पुढे गाडी बंद केली. रस्त्याच्या कडेला सादड्याचे एक झाड होते. आधी अंधाराशिवाय काही दिसले नाही. मग एका फांदीवर ठिपके पेटले, शेजारची फांदी पेटली, आणि बघता बघता अख्खे झाड एकाच क्षणी उजळले आणि विझले. पुन्हा उजळले. मागच्या हिरड्याने तीच लय उचलली, त्याच्या मागच्या बेहड्याने थोडी उशिरा. डोंगराच्या उतारावरून प्रकाश खाली वाहत येतो आहे असे वाटले, आणि मी मोठ्याने रडले. एल्कमाँटचे काजवे जमिनीलगत, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर उडतात. इथे झाडेच्या झाडे श्वास घेतात. इतके ऐश्वर्य आपल्या मुलखात आहे आणि मी ते हजारो कोसांवर शोधत होते.

मागून नाशिक, पुणे, मुंबईकडच्या गाड्यांची रांग वाढू लागली. कुणीतरी हेडलाइट सोडल्या, झाड एकदम मालवले. लगेच दोन मुले धावत गेली, आणि त्यांच्या मागे खाकी गणवेशातली एक वनरक्षक, बहुधा तिशीचीही नसावी. तिने काचेवर बोटाने टकटक केली, काहीतरी बोलली, दिवे गेले. मग पुढची गाडी. मग तळ्याकाठी कुणी स्पीकर लावला म्हणून तिकडे. मध्यरात्र उलटून गेली तरी तिचे पाय थांबले नव्हते. नंतर रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेताना मी विचारले, "रात्रीला तुम्ही किती जण?" ती म्हणाली, "आम्ही बोटांवर मोजण्याएवढे. ही पोरं आहेत म्हणून चालतंय. उन्हाळ्यात वणवा लागला तरी हीच पोरं ओली डहाळी घेऊन पुढं असतात." माघ-फाल्गुनात जाळरेषा काढायच्या, पावसाळ्यात सांधण दरीकडे जाणाऱ्यांना अडवायचे, शेकरूची घरटी मोजायची, गुरांच्या चराईवरून गावाशी वाद झाला तर तोही तिनेच मिटवायचा. तिचे बीट, म्हणजे राखणीची हद्द, काही चौकोनी तुकडा नव्हे, उभा कडा आहे.

माझ्या ओळखीच्या उद्यानांची अवस्था मला या वेळी टोचत होती. १४ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेतल्या सुमारे हजार परिवीक्षाधीन कर्मचाऱ्यांना एका दिवसात घरी पाठवले. त्यात कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी उद्यानाचा एकमेव कुलूपवालाही होता. एवढ्या मोठ्या उद्यानातली सारी कुलपे-किल्ल्या सांभाळणारा एकच माणूस, तोही गेला. आठवड्याभराने तिथल्याच कर्मचाऱ्यांनी एल कॅपिटानच्या कड्यावर राष्ट्रध्वज उलटा लावला. संकटात सापडल्याची ती खूण असते. पुढे न्यायालयाने अनेकांना परत घ्यायला लावले, तरी त्याच वर्षाच्या जुलैपर्यंत कायम कर्मचाऱ्यांत चतुर्थांशाच्या आसपास घट झाल्याचे नॅशनल पार्क्स कन्झर्व्हेशन असोसिएशनने सांगितले. आणि २०२४ साली या उद्यानांना ३३ कोटींहून अधिक भेटी झालेल्या, इतिहासातला उच्चांक! वरची खुर्चीसुद्धा अशीच. २०१७ पासून २०२१ च्या अखेरीपर्यंत सिनेटने मान्य केलेला संचालकच नव्हता. मग चार्ल्स सॅम्स आले, त्या पदावर बसलेले पहिले मूलनिवासी. जो मुलूख मूलनिवाशांकडून घेतला, तो त्यांच्यातल्या एकाच्या हाती सोपवायला उद्यान सेवेच्या स्थापनेपासून एकशे पाच वर्षे लागली.

दुसऱ्या दिवशी रतनवाडीत अमृतेश्वराच्या देवळाजवळ एका म्हाताऱ्या बाबांच्या पडवीत बसले होते. घर महादेव कोळ्यांचे. अंगणात हिरडा वाळत घातलेला. मी योसेमिटीच्या गोष्टी सांगत होते. बाबांनी मधेच विचारले, "त्या जंगलात गावं किती?"

"गावं नाहीत, बाबा."

"म्हंजे? पहिल्यापासूनच नव्हती?"

होती. १८५१ साली मारिपोसा बटालियन या सशस्त्र तुकडीने योसेमिटीच्या दरीत शिरून तिथल्या आहवाहनीची लोकांना हुसकावले. जे परत आले त्यांचे शेवटचे वस्तीस्थान १९६९ मध्ये पाडले, आणि तिथे राहणारा शेवटचा मूलनिवासी १९९६ मध्ये दरी सोडून गेला. मी सांगितले. बाबा बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मग वणवा लागल्यावर पळत कोण जातं?" मी म्हटले, पगारी माणसे जातात. "आन् पगारी माणसं काढून टाकल्यावर?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

इथे सगळे गोड चालले आहे असे मी म्हणणार नाही. अभयारण्य झाल्यापासून चराईवर, लाकूडफाट्यावर, घराच्या दुरुस्तीवर निर्बंध आले आहेत आणि लोक त्याबद्दल मोकळेपणाने, चिडून बोलतात. तळ्याकाठी तंबूंची दाटी वाढली आहे. नाक्यावर जमणाऱ्या पैशातून कुठल्या वाडीला काय मिळाले यावर भांडणे होतात. पण भांडायला माणसे जागेवर आहेत. जंगल आपले आहे म्हणून भांडतात. ही गोष्ट मला अमेरिकेच्या कुठल्याही उद्यानात दिसली नव्हती, आणि काजव्यांपेक्षाही मी हिने थक्क झाले.

इथल्या लोकांच्या चिडण्याला आणखी जुने मूळ आहे. १९१० साली प्रवरेवर भंडारदऱ्याच्या धरणाचे काम सुरू झाले, १९२६ च्या डिसेंबरात गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. अकरा टीएमसी पाणी. त्याच काळात, १९१३ च्या कायद्याने, योसेमिटी उद्यानाच्या पोटातली हेच हेची दरी सॅन फ्रान्सिस्कोच्या पाण्यासाठी बुडवायला परवानगी मिळाली आणि १९२३ मध्ये तिथले धरण पुरे झाले. दोन्हीकडे डोंगरातली दरी गेली आणि खालची गावे-शहरे फुलली. भंडारदऱ्याच्या पाण्यावर संगमनेर, राहाता, श्रीरामपूरचा ऊस उभा राहिला, प्रवरानगरला महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना निघाला. हेच हेचीच्या कायद्यात मात्र एक कलम घातले होते: शहराने दरवर्षी भाडे द्यायचे, आणि ते कॅलिफोर्नियातल्या राष्ट्रीय उद्यानांच्या रस्त्या-वाटांवर खर्च व्हायचे. आज ती रक्कम वर्षाला तीस हजार डॉलर आहे. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहराच्या मानाने अगदीच क्षुल्लक, शंभर वर्षांपूर्वी ठरली ती तशीच राहिली. तरी पाणी पिणारा जंगल राखणाऱ्याचे देणे लागतो, हे तिथे कागदावर आहे. घाटघरच्या पावसाचे पाणी उसाला पोचवणाऱ्या कालव्यांच्या पाणीपट्टीतून एक ठरलेला वाटा या अभयारण्याच्या राखणीसाठी, रात्री जागणाऱ्या मुलांच्या मजुरीसाठी बाजूला काढावा, असे मला मनापासून वाटते. धरणाची शंभरी ही त्यासाठी योग्य वेळ आहे.

आणि माणसे नेमायची तर कुठली? अकोले तालुक्याचा हा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. अशा क्षेत्रातली काही पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांतूनच भरावीत, अशी अधिसूचना राज्यपालांनी २०१४ मध्ये काढली. त्या पदांत वनरक्षकही आहे. म्हणजे ज्याला इथली प्रत्येक नाळ, प्रत्येक पाणवठा ठाऊक, त्यालाच बीट मिळावे. एवढी शहाणपणाची तरतूद मी अमेरिकेत पाहिली नाही. पण प्रकरण न्यायालयात गेले, भरती अडली. २०२४ मध्ये अशा अनुसूचित, म्हणजे पेसा, क्षेत्रातली मुले-मुली नाशिकमध्ये दिवसेंदिवस आंदोलनाला बसली, तेव्हा निकाल लागेपर्यंत मानधनावर नेमणुका देण्याचे सरकारने ठरवले.

पहाटे धरणाच्या रस्त्यावर एक मुलगी पळताना भेटली. वनरक्षकाच्या परीक्षेची तयारी करत होती. मुलींना चार तासांत सोळा किलोमीटर चालून दाखवावे लागते, ती म्हणाली, आणि तिला त्याची मुळीच धास्ती नव्हती; हिरड्याच्या दिवसांत डोक्यावर ओझे घेऊन ती तेवढे चालतेच. अभ्यासातले सामान्य ज्ञान तेवढे अवघड जाते. मी तिला अमेरिकेतल्या हंगामी रेंजरांबद्दल सांगितले: उन्हाळ्यापुरती नेमणूक, दुसऱ्या राज्यातून आलेली मुले, हंगाम संपला की घर सोडायचे. तिने थांबून, कमरेवर हात ठेवून सगळे ऐकून घेतले.

"आमच्याकडं पण मानधनाचं तसंच म्हणा की. पण ताई, मानधनावरच्या माणसाचं रात्री लाकूड तोडायला आलेला ऐकत नाय, दारू पिऊन तळ्यावर आलेला तर नायच नाय. त्याला माहीत असतं, ही उद्या नसंल. मला मानधन नको. ऑर्डर पायजे."