दोन माणसांची पट्टी

आमच्या लहानपणी गणपतीच्या मिरवणुकीला शहरातल्या गुलमंडी चौकात बंदोबस्त लागायचा, तेव्हा हवालदाराचे गुडघे उघडे असायचे. खाकी हाफपँट, हातात लाठी, फार तर वेताची ढाल. बाकी सगळा भार तिथल्या सुपारी मारुतीवर. दगड आलाच तर नडगी फुटायची. मग कापडवाला ओट्यावरून उतरायचा, ताग्याचा काठ दातानं तोडून टर्रकन पट्टी फाडायचा. कोणी हळद आणायचं, कोणी चहा. जखम पुढे चिघळायचीही. पण बांधणाऱ्याचं नाव हवालदाराला ठाऊक असायचं.

आता हवालदाराच्या नडगीला, गुडघ्याला, कोपराला पॅड; पुढे पारदर्शक ढाल. सलामीला उतरलेला फलंदाजच जणू! चेहरा दिसत नाही, पण नडगी शाबूत राहते.

शाळेत स्काउटच्या तासाला सर रक्त थांबवायला शिकवायचे. गळ्यातला स्कार्फ मित्राच्या मांडीला बांधायचा, गाठीत पेन्सिल खुपसून पीळ द्यायचा. मित्र खोटंखोटं विव्हळायचा. सर ओरडायचे, "अरे, मधूनमधून सैल कर, पाय जाईल त्याचा!" पेन्सिल मोडली की जखमी आणि डॉक्टर दोघंही हसत सुटायचे. सरांची माया खरी होती, शिकवण चुकीची. सैल केलं की थांबलेलं रक्त पुन्हा वाहतं.

आज सैनिकाच्या अंगावरच टूर्निके, म्हणजे रक्त रोखणारा आवळपट्टा, असतं. एका हातानं पट्टा ओढायचा, दांडी फिरवायची, वेळ लिहायची. डॉक्टर येईपर्यंत सैल करायचं नाही. इराक-अफगाणिस्तानात छातीवरच्या कवचानं जीव वाचले, म्हणून हातपाय गमावून परतणारेही वाढले. ब्रिटिश सैनिकांना तर रेशमी चड्ड्या दिल्या, स्फोटातली माती-खडी मांडीत घुसू नये म्हणून. हिमरू कापड विणणाऱ्या आमच्या शहराला रेशमाचा हा उपयोग कधी सुचला नाही. सगळं अंग मात्र झाकता येत नाही, कवचाच्या ओझ्यानं पळणं जड होतं. आमच्या रंगार गल्लीसारख्या बोळात, अंधाऱ्या जिन्यात ज्याला पळता येत नाही, तो आयता सापडतो.

जुन्या पद्धतीचं शौर्यही आम्ही पाहिलंय. २००८ च्या मुंबई हल्ल्यात, गिरगाव चौपाटीवर, पोलीस तुकाराम ओंबळे यांच्याकडे फक्त लाठी होती. त्यांनी दहशतवादी कसाबची बंदूक उघड्या हातांनी धरली. असं शौर्य कुणाच्या वाट्याला येऊच नये, अशी सोय करणं म्हणजेच प्रगती. हे आम्हाला पटतं.

तरी चुटपुट लागते. आमच्या पट्टीला दोन माणसं लागायची, एक जखमी आणि एक बांधणारा. नव्या पट्टीला एकच पुरतो. ते बरंच आहे. बोळात अडकलेल्या जवानाजवळ दुसरा असेलच असं कुठंय? पण आम्ही हळहळतो ते त्या दुसऱ्यासाठी, आणि तेही आपले हातपाय धड असताना. उद्या घरातलं पोर फौजेत निघालं, तर हे स्मरणरंजन खुंटीला टांगून आम्ही एवढंच विचारू, "टूर्निके एकच देतात का रे? दोन मागून घे."