इन्स्पेक्टर मॉर्स आणि आमचा डावा कान

विद्यालयाच्या वार्षिकांत खुनाच्या गोष्टींस जागा कशाला, असें पालकवर्गांतील कांहीं मंडळी म्हणतील, आणि तें म्हणणें अगदींच गैर नाहीं. बाजारांत असल्या गोष्टींचे ढीग पडले आहेत. त्यांतील बहुतेकांत रक्त फार आणि विचार थोडा. परंतु ज्या इंग्रजी चित्रमालिकेविषयीं आज आम्ही चार शब्द लिहिणार आहों, तिच्यांतील मुख्य पोलीस अधिकाऱ्यास स्वतःसच प्रेताकडे पाहवत नाहीं. डॉक्टर तपासणी करीत असतां हा गृहस्थ तोंड फिरवून उभा राहतो. अशा मनुष्याच्या संगतीनें कोणाचीं मुलें बिघडतील, असें आम्हांस वाटत नाहीं.

ही मालिका म्हणजे ‘इन्स्पेक्टर मॉर्स’. इंग्लंडांतील आयटीव्ही या वाहिनीवर तिचा पहिला भाग ६ जानेवारी १९८७ रोजीं दाखविला गेला आणि शेवटचा १५ नोव्हेंबर २००० रोजीं. एवढ्या अवधींत भाग निघाले अवघे ३३. आपल्याकडील मालिका दीड-दोन महिन्यांतच एवढे भाग उरकून टाकतात. पण यांतील एकेक भाग पावणेदोन तासांच्या आसपास, म्हणजे एक सबंध चित्रपटच. शिवाय मूळ मालिका संपली तरी गोष्ट संपली नाहीं. तिच्यांतील दुय्यम अधिकारी लुइस याच्या नांवाची मालिका २००६ पासून २०१५ पर्यंत चालली, आणि मॉर्सच्या तरुणपणाची ‘एन्डेव्हर’ ही मालिका २०१२ सालीं सुरू होऊन २०२३ सालीं समाप्त झाली. एका मनुष्याच्या भोवतीं छत्तीस वर्षें प्रेक्षक जमत राहिले. स्थळ बहुतेक सर्वत्र एकच : ऑक्सफर्ड, म्हणजे जेथें विद्वान लोक राहतात असें आम्हीं लहानपणापासून ऐकत आलों तें शहर. तीं सोनेरी दगडांचीं जुनीं विद्यालयें, तीं हिरवळीचीं चौकोनी अंगणें, आणि त्यांत काळे झगे घालून फिरणारे, एकमेकांचा गोड शब्दांत द्वेष करणारे प्राध्यापक! शिक्षकाच्या पेशांतील मनुष्यास हें सारें पाहतांना जो एक गुप्त आनंद होतो, तो येथें अधिक उघड करीत नाहीं.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें, जो आतां इंग्लंडांत नोकरीस आहे, दोन वर्षांपूर्वीं सुटीस येतांना या मालिकेचा डीव्हीडींचा संच आम्हांसाठीं आणला. रविवारीं सायंकाळीं एक भाग पाहावयाचा, असा घरांत क्रम पडला. तिसऱ्या कीं चौथ्या रविवारीं आमच्या कुटुंबानें विचारलें, “अहो, आवाज इतका मोठा कशाला? पलीकडच्या आळींतल्या लोकांनासुद्धां खुनी कोण तें कळेल.” आम्हांस तो आवाज बेताचाच वाटत होता; उलट इंग्रज नट ओठांतल्या ओठांत बोलतात, अशीच आमची तक्रार होती. कन्येनें पडद्याच्या खालीं संवाद अक्षरांनीं उमटतील अशी सोय करून दिली व वाद मिटला. मिटला तो घरांतला. पुढें दिवाळीच्या सुटींत डॉक्टरांनीं कान तपासले, कागदावर उतरत्या पायऱ्यांसारखी एक रेघ दाखविली, आणि डाव्या कानाची शक्ति पुष्कळ कमी झाली आहे, उजव्याचीहि थोडी, व हें हळूहळू वाढत जाणार, असें शांतपणें सांगितलें.

त्याच सुमारास मॉर्सचे जनक कॉलिन डेक्स्टर यांची माहिती आमच्या वाचनांत आली. त्यांचा जन्म १९३० सालीं लिंकनशायरमधील स्टॅमफर्ड या गांवीं झाला. केंब्रिज येथें लॅटिन व ग्रीक या भाषांचें अध्ययन करून ते शाळेंत शिक्षक झाले, आणि कॉर्बी गांवच्या शाळेंत त्या विषयांचे मुख्य शिक्षक असतांना त्यांचे कान गेले. वर्गांतल्या मुलांचें बोलणें ऐकूं येईना. १९६६ सालीं, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षीं, त्यांनीं शाळा सोडली व ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या शालेय परीक्षा घेणाऱ्या कचेरींत नोकरी धरली. तेथें ते १९८८ पर्यंत होते. पुढें वेल्समध्यें सुटीस गेले असतां पावसानें घराबाहेर पडूं दिलें नाहीं, हाताशीं होती ती रहस्यकथा सुमार निघाली, आणि याहून बरें आपणच लिहूं, म्हणून त्यांनीं लेखणी उचलली. मॉर्सची पहिली कादंबरी १९७५ सालीं प्रसिद्ध झाली. एकंदर तेरा झाल्या.

हें वाचून आम्ही पुस्तक मिटून ठेवलें. पस्तिसाव्या वर्षीं! आमचें वय शेहेचाळीस. निवृत्तीस अजून बारा वर्षें आहेत. हा हिशेब आम्हीं रात्रीं अंथरुणावर पडून किती वेळां केला असेल, तें सांगत नाहीं.

मालिकेचा दुसराच भाग एका बहिऱ्या मनुष्याचा आहे. परदेशांतील विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेणाऱ्या एका मंडळांत निकोलस क्विन नांवाच्या तरुणाची नेमणूक होते. त्यास ऐकूं फार कमी येतें, परंतु समोरच्याच्या ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखण्याची कला त्यानें उत्तम साधली आहे. एका मेजवानींत दूर उभ्या असलेल्या मंडळींचें कुजबुजणें तो असेंच वाचतो. जें कोणाच्याहि कानांवर जाऊं नये, तें याच्या डोळ्यांवर जातें. गोष्ट असते प्रश्नपत्रिका फोडण्याची. (या बाबतींत आमच्या इकडच्या पालकांस अधिक खुलासा नको.) थोड्याच दिवसांत क्विनला विष घातलें जातें. डेक्स्टर यांनीं ज्या दोन जगांत आयुष्य काढलें, तें बहिरेपणाचें जग आणि तें परीक्षेच्या कचेरीचें जग, तीं दोन्ही या कथेंत समोरासमोर आलीं आहेत.

या कथेंतील एक गांठ मात्र येथें दाखविल्यावांचून राहवत नाहीं. खुनी कोण, तें सांगणार नाहीं. ओठ वाचणाऱ्यास कांहीं अक्षरें एकमेकांपासून वेगळीं ओळखतांच येत नाहींत. प, फ, ब, भ, म या वर्णांस आपल्या व्याकरणांत ओष्ठ्य म्हणतात, हें आठवीच्या विद्यार्थ्यासहि ठाऊक आहे. त्यांतील प, ब आणि म यांच्या वेळीं ओठ सारखेच मिटतात व सारखेच उघडतात. विद्यार्थ्यांनीं आरशासमोर उभे राहून, आवाज न काढतां, ‘पाट’, ‘भाट’ व ‘माठ’ हे तीन शब्द उच्चारून पाहावे. आमच्या घरीं हा खेळ पुष्कळ दिवस चालला. कन्येनें मुक्यानें एक शब्द म्हणावयाचा आणि आम्हीं तो ओळखावयाचा. एकटा शब्द असला कीं निव्वळ नशिबाची गोष्ट. पण “पंगतींत … मांडले” किंवा “…ांत पाणी भर” असें वाक्य आलें, कीं मागच्या-पुढच्या शब्दांच्या आधारानें उत्तर चट्‌दिशीं सांपडे. त्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें कीं, ज्यास ऐकूं कमी येतें तो मनुष्य दिवसभर शोधक पोलिसाचेंच काम करीत असतो. त्यास अर्धें वाक्य मिळतें. उरलेलें तो पुराव्यावरून जुळवितो. डेक्स्टर यांस शब्दकोड्यांचा विलक्षण नाद होता, तोहि यांतलाच. कांहीं चौकटी भरलेल्या, कांहीं रिकाम्या! मॉर्स आणि लुइस हीं नांवेंसुद्धां त्यांनीं शब्दकोड्यांच्या स्पर्धेंतून उचललीं : बँकेचे अध्यक्ष सर जेरेमी मॉर्स हे त्यांचे एक प्रतिस्पर्धी, आणि ‘मिसेस बी. लुइस’ हें दुसऱ्या एका स्पर्धकाचें टोपणनांव.

जुळवाजुळवीच्या या धंद्यांत मॉर्स किती वेळां फसतो, हें पाहण्यासारखें आहे. इतर गोष्टींतील नामांकित शोधक पहिल्यापासून सर्व जाणतात व शेवटच्या पानापर्यंत आपणांस तिष्ठत ठेवतात. मॉर्सचें तसें नाहीं. ‘जेरिको’ या ऑक्सफर्डच्या पेठेंत घडलेल्या पहिल्याच प्रकरणांत तो ग्रीक नाटककार सोफोक्लीझच्या ईडिपस राजाच्या कथेवर बेतलेला एक भव्य तर्क उभारतो. लुइसपुढें तो रंगवून रंगवून मांडतो. आणि तो तर्क टिकत नाहीं. ज्ञान आडवें आलें, असेंच म्हणावें लागतें. पुढेंहि असें वारंवार घडतें. कधीं भलताच मनुष्य धरला जातो, कधीं वरिष्ठांचीं बोलणीं खावीं लागतात. मग तो चिडतो, घरीं जाऊन वॅग्नरचें संगीत लावतो, शब्दकोडें पुढें घेतो, आणि बहुधा लुइसच्याच एखाद्या साध्या, दुसऱ्याच कशाविषयीं म्हटलेल्या वाक्यानें त्याच्या डोक्यांत उजेड पडतो. लुइस हा न्यूकॅसलकडचा, बायकामुलांचा धनी, लॅटिन न शिकलेला. मॉर्स त्याच्या अहवालांतील शुद्धलेखन सुधारतो, त्याच्यावर खेंकसतो, बीरचे पैसेहि बहुतेक त्यालाच द्यावयास लावतो. (ही बीर पिण्याची संवय आम्हांस पसंत नाहीं, पुढें ती मॉर्सच्या प्रकृतीसहि पसंत पडली नाहीं.) आणि तरी त्याच्यावांचून मॉर्सचें पान हालत नाहीं. कादंबऱ्यांत लुइस वयानें मोठा व वेल्सचा आहे. मालिकेंत केव्हिन व्हेटली या तरुण नटास ती भूमिका देऊन त्यास जणूं विद्यार्थ्याच्या जागीं बसविलें. हा बदल करणारांस आम्ही मनापासून शाबासकी देतों.

मॉर्स स्वतः पदवीधर नाहीं, हेंहि आमच्या वरच्या वर्गांतील मुलांस सांगण्याजोगें आहे. तो ऑक्सफर्डचाच विद्यार्थी. प्रेमभंग झाला, अभ्यास बुडाला, पदवी हुकली. ज्या दारांतून तो अपेशी होऊन बाहेर पडला, त्याच दारांतून वीस-पंचवीस वर्षांनीं तो पोलीस अधिकारी म्हणून आंत जातो आणि प्राध्यापकांस प्रश्न विचारतो. त्याचें पहिलें नांव काय, हें पुष्कळ वर्षें कोणास ठाऊक नव्हतें. १९९७ सालीं दाखविलेल्या भागांत तें एकदांचें कळलें, तेंहि कोड्याच्याच रूपानें : एन्डेव्हर. कॅप्टन कुकच्या जहाजाचें हें नांव. बापास कुकचें वेड, आणि आई क्वेकर पंथाची. त्या पंथांत मुलांस सद्‌गुणांचीं नांवें ठेवण्याची चाल होती. मराठींत ‘प्रयत्न’ म्हणावें लागेल. प्रयत्नराव मॉर्स! त्यानें तें नांव लपविलें यांत नवल नाहीं.

आतां वर्गाविषयीं. हें पालकांस आमच्याच तोंडून कळावें, म्हणून येथें लिहीत आहों. गेल्या जूनपासून उजव्या कानांत आम्ही एक लहानसें यंत्र घालतों. त्यानें पुष्कळ फरक पडतो. परंतु पंख्याची घरघर, बाहेरच्या मैदानांतील आरोळी व मागच्या बांकावरील प्रश्न या तिन्ही गोष्टी तें सारख्याच निष्ठेनें मोठ्या करून देतें. सहामाही परीक्षेच्या सुमारास नववीच्या वर्गांत आम्हांस एक चमत्कार दिसूं लागला. ज्याला उत्तर द्यावयाचें असेल तो मुलगा बांकाच्या बाहेर येऊन उभा राही, तोंड सरळ आमच्याकडे करी, आणि एकेक शब्द सुटा सुटा बोले. हातांत पुस्तक असलें तरी कोणी तें तोंडापुढें धरीत नसे. हें कोणीं शिकविलें, याचा आम्हीं तपास केला, पुरावा जुळविला, संशय एका विद्यार्थ्यावर गेला. त्याच्या घरीं आजोबांस ऐकूं येत नाहीं, असें समजलें. त्यास बोलावून विचारलें, तेव्हां तो म्हणाला, “सर, मला कांहीं ठाऊक नाहीं,” आणि हें त्यानें इतक्या स्पष्ट ओठांनीं सांगितलें, कीं गुन्हा शाबीत झाला. तो हें वाचील. त्याचें नांव येथें देत नाहीं.

पुढल्या वर्षीं हे वर्ग आमच्याकडे राहतील कीं नाहीं, याचा निर्णय व्हावयाचा आहे. मुख्याध्यापकांशीं बोलणें झालें आहे; त्यांनीं घाई करूं नका असें म्हटलें आहे. ग्रंथालयांतील जागाहि मोकळी होणार आहे, आणि ती वाईट नाहीं. डेक्स्टर यांच्या परीक्षेच्या कचेरीपेक्षां तेथें पुस्तकें तरी अधिक असतील.

मालिकेचें संगीत बॅरिंग्टन फेलाउंग यांनीं रचलें. तारायंत्राच्या लघु-दीर्घ ठोक्यांत ‘मॉर्स’ या नांवाचीं अक्षरें त्यांनीं त्या सुरावटींत गुंफलीं आहेत. डेक्स्टर स्वतः जवळजवळ प्रत्येक भागांत क्षणभर दिसतात : कोठें बांकावर बसलेले, कोठें गर्दींतून जाणारे. त्यांस शोधून काढण्याचें काम आमच्या कन्येकडे असे. टक्कल पडलेला, हसऱ्या चेहऱ्याचा म्हातारा दिसला कीं ती टाळी वाजवी. ते २०१७ सालीं वारले. मॉर्स झालेला थोर नट जॉन थॉ त्यांच्याहि पूर्वीं, २००२ सालीं, म्हणजे शेवटचा भाग दाखविल्यावर दीड वर्षाच्या आंतच.

तो शेवटचा भाग आम्हीं नाताळच्या सुटींत पाहिला. त्या रात्रीं कन्येनें खालच्या अक्षरांची सोय मुद्दाम बंद ठेवली होती. नव्या यंत्राची परीक्षा घ्यावयाची, असा तिचा हट्ट. मॉर्स विद्यालयाच्या अंगणांतील हिरवळीवर कोसळतो. रुग्णालयांत त्याच्या खाटेजवळ लुइस नसतो. तो कामगिरीवर गेलेला असतो. जवळ असतो तो वरिष्ठ अधिकारी स्ट्रेंज. इतकीं वर्षें ज्याच्यावर खेंकसण्यांत घालविलीं, त्या लुइसचे आभार मानावे, असा निरोप मॉर्स त्याच्यापाशीं ठेवतो. तीन-चारच शब्द आहेत, आणि जॉन थॉनें ते अगदीं क्षीण आवाजांत उच्चारले आहेत. कन्येनें आमच्याकडे वळून विचारलें, “बाबा, ऐकूं आलें?” आम्हीं मान हालविली. तें कानांनीं ऐकलें कीं ओठांवरून वाचलें, तें आम्हांस अद्यापि सांगतां येत नाहीं.