जुने पहिलवान मोठे की आजचे?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात कापसाची वेचणी उरकली, जत्रा-उरूस सुरू झाले की एक वाद हटकून रंगतो. जुने पहिलवान मोठे की आजचे? म्हातारी माणसे एका बाजूला आणि पोरे दुसऱ्या बाजूला. "आमच्या वेळचा गडी शेरभर तूप पचवत होता, तुमचे पोट्टे एका जिन्यातच दम टाकतात," असे एखादे आजोबा म्हणतात. पोरे मग मोबाईलवर माईक टायसनचे ठोसे दाखवतात. भांडण कुस्तीवरून मुष्टियुद्धावर जाते आणि तसेच अर्धवट राहते. हा वाद आम्ही पुष्कळ ऐकला आहे, त्यात तोंडही घातले आहे. आज त्याचा थोडा विचार करू या.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर या वादाला २०१८ साली चांगलाच जोर आला. त्या वर्षीच्या डिसेंबरात जालन्याला महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या. बाला रफिक शेख हा मल्ल बुलढाण्याकडून उतरला होता. त्याने आधीच्या वर्षीचा विजेता, पुण्याचा अभिजित कटके, याला ११-३ अशा गुणांनी हरवले आणि मानाची गदा जिंकली. बुलढाण्याचे नाव साऱ्या महाराष्ट्राने ऐकले. "तो मूळचा सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्याचा, आपला कसला?" असेही काही जण म्हणाले. आम्हाला मात्र आनंदच झाला. जो आपल्या जिल्ह्याचे नाव घेऊन आखाड्यात उतरला, तो आपला.

पण जुन्या मंडळींचे समाधान झाले नाही. त्यांचे म्हणणे, "गुणांवर जिंकला, चितपट कुठे केले?" इथेच तुलनेतली पहिली अडचण आहे. जुनी कुस्ती मातीवर आणि निकाली असे. पाठ टेकेपर्यंत झुंज चाले, मग तास लागो की दोन तास. आजची कुस्ती गादीवर, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, गुणांची. मातीत दम आणि ताकद लागते, गादीवर चपळाई आणि झटपट डाव. बाला रफिक मातीच्या विभागातून वर आला आणि शेवटची कुस्ती गादीवर जिंकला, हे त्याचे विशेष. कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली तो तयार झाला. आंदळकर १९६० चे हिंदकेसरी. २०१८ च्या सप्टेंबरात ते वारले आणि डिसेंबरात त्यांच्या शिष्याने गदा उचलली. मग सांगा, ही गदा जुन्या काळाची की नव्या?

गामा पहिलवानाचे उदाहरण सगळेच देतात. १९१० साली लंडनमध्ये झिबिस्को नावाचा पोलंडचा अवाढव्य मल्ल त्याच्यापुढे अडीच तासांहून अधिक वेळ बहुतेक पालथाच पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. १९२८ साली पतियाळाला तेच दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने मिनिटभराच्या आत त्याला लोळवले. माणसे तीच, पण निकाल किती वेगळा! एकाच जोडीची तुलना दोन दिवशी सारखी उतरत नाही, तर पन्नास वर्षांच्या अंतरावरच्या दोघांची कशी उतरावी?

मुष्टियुद्धातही हेच आहे. रॉकी मार्सियानो एकही लढत न हरता, ४९ विजय घेऊन १९५६ साली निवृत्त झाला. त्याचे वजन सुमारे ८५ किलो. आजच्या नियमाने तो वजनदार गटात बसलाच नसता, कारण हा गट आता ९० किलोंच्या वर सुरू होतो. पूर्वी जगज्जेतेपदाची लढत पंधरा फेऱ्यांची असे. १९८२ साली किम डुक-कू हा कोरियन तरुण लढतीतल्या माराने मरण पावला, त्यानंतर हळूहळू त्या बारा झाल्या. आणि नुसता देह मोठा म्हणून माणूस जिंकतो असेही नाही. २०२४ च्या मे महिन्यात युक्रेनच्या सव्वासहा फुटी उसिकने पावणेसात फुटी टायसन फ्युरीला हरवलेच.

एकदा तर अमेरिकेत हा वाद संगणकाकडे नेला. मार्सियानो आणि मुहम्मद अली यांना १९६९ साली रिंगमध्ये उभे करून खोटे ठोसे मारायला लावले, चित्रपट काढला आणि संगणकाने दिलेला निकाल १९७० साली पडद्यावर दाखवला. तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला. पण वाचकहो, त्या वेळी अली खऱ्या रिंगच्या बाहेर का होता? व्हिएतनामच्या युद्धात जायला त्याने नकार दिला म्हणून १९६७ साली त्याचे पद काढून घेतले होते. उमेदीची तीन वर्षे अशी गेली. ती वर्षे कोणत्या संगणकात भरायची?

तुलना करणारे नेमके हेच विसरतात. कोण जिंकला हे सगळे विचारतात, मैदानात कोणाला येऊ दिले हे कोणी विचारत नाही. जॉन सलिव्हान हा मोठा जगज्जेता, पण काळ्या माणसाशी लढायचे नाही असे तो उघड म्हणे. १९०८ साली जॅक जॉन्सनने ते दार फोडले. पहिला काळा वजनदार जगज्जेता तो. १९१० साली त्याने गोऱ्यांच्या आवडत्या जेफ्रीजला हरवले, तर अमेरिकेत दंगली उसळल्या, काळी माणसे मारली गेली. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा जॉन्सनच जगज्जेता होता, आणि त्याच वर्षी खटल्यात शिक्षा झाल्याने तो देशाबाहेर निघून गेला होता. १९१५ साली तो हरला. त्यानंतर बावीस वर्षे एकाही काळ्या मल्लाला त्या पदासाठी लढू दिले नाही. हॅरी विल्स जॅक डेम्प्सीच्या दारात वाट पाहतच म्हातारा झाला. १९३७ साली जो लुई आला आणि त्याने पंचवीस वेळा पद राखले. डेम्प्सी थोर असेल, पण निम्मा आखाडा बंद ठेवून मिळवलेले थोरपण तेवढेच मोजावे.

आपल्याकडची गोष्ट वेगळी नाही. जिथे पाणवठ्यावर हात लावू देत नव्हते, तिथे तालमीच्या मातीत अंगाला अंग लावून कोण खेळू देणार? आमच्या आजोबांच्या हाडापेराची माणसे जत्रेत दूर उभी राहून कुस्ती पाहत आणि घरी येऊन अंगणात जोर काढत. त्यांच्यातला गामा कोण होता, हे कोणत्याही यादीत सापडणार नाही. राजर्षी शाहू महाराजांसारखा कुस्तीचा आश्रयदाता माणुसकीचाही आश्रयदाता होता, पण असे राजे किती?

मुलींचेही तेच. जुन्या काळाच्या यादीत त्यांचे नाव नाही. अंगात बळ नव्हते असे नाही, त्यांना आखाडाच नव्हता. महिला महाराष्ट्र केसरी सुरू व्हायला २०२३ साल उजाडले. सांगलीला झालेल्या त्या पहिल्या स्पर्धेत सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा जिंकली.

म्हणून आम्हाला वाटते, जुन्या मल्लांना मान द्यावा, त्यांचा दम, खुराक, शिस्त पोरांना सांगावी. मात्र "तुमच्यात काही दम नाही" असे म्हणून पोरांना खाली बसवू नये. आजच्या पोराला तूप नसेल, पण त्याला मैदान आहे, आणि ते त्याच्या आजाला नव्हते. प्रत्येक मल्लाला त्याच्या काळाच्या मापाने मोजावे आणि त्या काळी दाराबाहेर कोण उभे होते, तेही मोजावे. तुमच्या घरातली लेक उद्या लंगोट-जर्सीची, गादीची गोष्ट काढील, तेव्हा तिला आधी गामाची गोष्ट सांगू नका. जवळची तालीम कुठे आहे आणि सकाळी किती वाजता उघडते, एवढे चौकशी करून सांगा.